जपानच्या बारा बेसबॉल संघमालकांना खुले पत्र: नागरिकांनाही सभेत एक खुर्ची द्या

आदरणीय संघमालकहो,

जपानी व्यावसायिक बेसबॉलचे सगळे मोठे निर्णय आपल्या बारा जणांच्या सभेत होतात. त्या सभेपुढे माझी एक मागणी आहे. प्रत्येक संघाच्या शहरात प्रेक्षकांची एक नोंदणीकृत संस्था असावी आणि तिला संघाच्या कंपनीत थोडा का होईना, पण हिस्सा विकत घेता यावा. संघाचं विलीनीकरण, स्थलांतर, नाव बदलणं आणि विक्री, या चार गोष्टी तिच्या संमतीशिवाय होऊ नयेत. बाकी कारभार आपलाच. कोणता पिचर घ्यायचा, तिकीट कितीला विकायचं, मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, कोणाला करायचं, यात या संस्थेने लुडबुड करू नये असंच माझं मत आहे.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त हिरोशिमात स्थायिक झालेला. हेच म्हणणं जपानीतून आपल्याकडे वेगळं पाठवलं आहे. मराठीतून जाहीर करतोय ते जपानभर विखुरलेल्या मराठी मंडळींसाठी. क्रिकेटवर वाढलेली ही माणसं इथे येऊन बेसबॉलची झाली आहेत, आणि आपण ज्याच्यासाठी घसा फोडतो तो संघ नक्की कोणाचा, हे त्यांनाही कळायला हवं.

मागणीचं मूळ हिरोशिमात आहे, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

6 ऑगस्ट 1945 नंतर पाच वर्षंही झाली नव्हती. शहरातली कितीतरी कुटुंबं अजून लाकूड आणि पत्रे ठोकून उभ्या केलेल्या खोपटांत राहत होती. अशा वेळी इथल्या लोकांनी व्यावसायिक बेसबॉल संघ काढला. इतर संघांच्या पाठीशी रेल्वे कंपनी, वृत्तपत्र, चित्रपट कंपनी असे कोणीतरी तालेवार होते. हिरोशिमा कार्पच्या पाठीशी कोणीही नव्हतं. प्रीफेक्चर (म्हणजे प्रांत), आसपासच्या नगरपालिका आणि सामान्य नागरिक यांच्याकडून भांडवल उभं करायचं ठरलं, पण कागदावरचा पैसा हातात येईना. 1950 च्या पहिल्याच हंगामात संघाने 41 सामने जिंकले, 96 हरले आणि तो तळाला गेला. खेळाडूंचे पगार थकले. मार्च 1951 मध्ये शिमोनोसेकीच्या ताइयो संघात विलीन होण्याचं संचालकांनी जवळजवळ पक्कं केलं. ही बातमी रेडिओवरून शहराला कळली.

मॅनेजर इशिमोतो शुइची हिरोशिमाचेच. त्यांनी विलीनीकरणाला नकार दिला आणि समर्थकांच्या संघटना बांधायला घेतल्या. सामना असला की मैदानाच्या दारात साकेची लाकडी पिंपं ठेवली जाऊ लागली. आत येणारा प्रत्येक जण जमेल ते पिंपात टाकायचा, कोणी नोट, कोणी चिल्लर. कारखान्यांत, कचेऱ्यांत, गावागावांत शाखा निघाल्या. इशिमोतोंनी मैदानावरची सूत्रं बरीचशी शिराइशी कात्सुमी यांच्याकडे सोपवली आणि स्वतः वर्गणीसाठी दारोदार फिरले. संघाचा मॅनेजर सामना सोडून झोळी घेऊन हिंडतो, असं व्यावसायिक खेळात दुसरीकडे कुठे घडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

संघ वाचला. पण पुढच्याच वर्षी आपल्याच खुर्च्यांवर तेव्हा बसलेल्या मंडळींनी जे केलं, ते आज आठवायला हवं. जपानच्या दोन लीगपैकी कार्प ज्यात खेळतो त्या सेंट्रल लीगच्या मालकांनी 1952 साठी ठरवलं की ज्या संघाचं जिंकण्याचं प्रमाण 0.300 च्या खाली जाईल, त्या संघाची विल्हेवाट लावायची. लीगमध्ये संघ जास्त झाले होते आणि सगळ्यांच्या नजरा कार्पवर होत्या. कार्प 0.316 वर तरला. शोचिकु रॉबिन्स 0.288 वर अडकला आणि हंगामानंतर ताइयोत विलीन झाला. दोन-तीन सामने इकडचे तिकडे झाले असते, तर पिंपात टाकलेला सगळा पैसा मातीमोल झाला असता. आणि ज्यांनी तो टाकला, त्यांना त्या बैठकीत कोणी दारातही उभं केलं नसतं.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे, म्हणून लवकर आटोपतो. 1955 च्या अखेरीस कर्जात बुडालेली जुनी कंपनी मोडली आणि स्थानिक उद्योगांच्या भांडवलावर नवी उभी राहिली. 1957 मध्ये अणुबॉम्ब घुमटाच्या समोरच शहराचं मैदान बांधलं गेलं, त्यालाही स्थानिक कंपन्यांनीच देणग्या दिल्या. साठच्या दशकाच्या शेवटी तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, मुख्य आधार बनली आणि संघाच्या नावात 'तोयो' आलं. 1975 मध्ये, स्थापनेनंतर पंचवीस वर्षांनी, कार्पने पहिल्यांदा लीग जिंकली. त्या विजयाची मिरवणूक शांतता मार्गावरून निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेला कितीतरी लोक घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी हातात धरून उभे होते. आई, भाऊ, मुलगा, ज्यांना हा दिवस बघायचा होता त्यांना दाखवायला आणलेलं.

त्या गर्दीच्या भावनेबद्दल वाद नाही. माझा प्रश्न कागदांचा आहे. सगळा जपान कार्पला 'नागरिकांचा संघ' म्हणतो, वर्तमानपत्रं म्हणतात, संघ स्वतः म्हणतो. पण भागधारकांच्या यादीत नागरिक नाहीत. सर्वात मोठा वाटा संघ चालवणाऱ्या मात्सुदा कुटुंबाकडे आहे आणि सुमारे एक तृतीयांश माझदाकडे, जी संघाच्या कारभारात हात घालत नाही. मात्सुदा कुटुंबाने संघ वाईट चालवला, असं मला अजिबात म्हणायचं नाही. 1975 पासून कोविडच्या आधीपर्यंत हा संघ दरवर्षी नफ्यात राहिला, तोही कोणत्याही मोठ्या कंपनीने खड्डा भरून न देता. जपानी बेसबॉलमध्ये ही विलक्षण गोष्ट आहे आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण आजचा मालक चांगला आहे, हे नशीब झालं. त्याच्या जागी उद्या कोण येईल आणि काय करेल, यावर हिरोशिमाच्या माणसाचा कसलाही हक्क नाही.

मैदानात माझ्या शेजारच्या सीटवर एक आजी असतात. मोठ्या पडद्याकडे त्या बघत नाहीत. मांडीवर वही, हातात पेन्सिल, प्रत्येक चेंडूची नोंद स्वतःच्या हाताने. 1951 मध्ये त्या शाळेत होत्या आणि वडिलांनी हातात दिलेलं नाणं त्यांनी पिंपात टाकलं होतं. पावती मिळाली होती का, असं मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. देणगी होती ती, त्या म्हणाल्या. पण मला वाटतं, त्या वेळी सगळ्या शहराने जे दिलं ते भागभांडवलच होतं, फक्त कोणी पावती फाडली नाही.

मला असं वाटण्याचं कारण माझ्या गावात आहे. माझ्या वडिलांच्या नावावर सहकारी साखर कारखान्याचा शेअर आहे. आमच्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तोही 1950 च्याच सुमारास, कार्पच्या पहिल्या हंगामाच्या आसपास. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आणि अहवालाचं पुस्तक घरी येतं. सभेच्या मांडवात तीन एकर उसाचा मालक उठून चेअरमनला विचारतो की उतारा का घसरला आणि शेजारच्या कारखान्याने दर जास्त कसा दिला. चेअरमनला उत्तर द्यावंच लागतं, टाळाटाळ केली तरी ती माईकवर आणि सगळ्यांसमोर करावी लागते. सहकाराचं पुढे काय झालं हे आम्हा मराठी माणसांना कोणी सांगायला नको. ठरावीक घराण्यांच्या हातात कारखाने गेले, निवडणुका राजकारणाच्या झाल्या, काही कारखाने कर्जात बुडून खासगी झाले. म्हणूनच संघाचा रोजचा कारभार मतदानाने चालवा, असं मी मागत नाही. नोटीस घरी येण्याचा आणि उठून विचारण्याचा हक्क मात्र मी लहानपणापासून बघितला आहे. सामना बघायला वर्षानुवर्षं पैसे मोजणाऱ्या माणसाला तेवढाही हक्क नसावा, हे मला पटत नाही.

आता 2004 बद्दल. त्या वर्षीच्या जूनमध्ये ओसाकाचा किन्तेत्सु बफेलोज आणि ओरिक्स ब्लूवेव्ह यांचं विलीनीकरण होणार, अशी बातमी आली. किन्तेत्सु रेल्वेला संघापोटी वर्षाला सुमारे 400 कोटी येनचा तोटा होत होता, हे खरंच होतं. पण त्यावरचा उपाय शोधताना खेळाडूंना विचारलं नाही, ओसाकाच्या प्रेक्षकांना विचारलं नाही. उलट दोन्ही लीग मोडून दहा संघांची एकच लीग करायची चर्चा सुरू झाली. लाइव्हडोअर नावाची कंपनी संघ विकत घ्यायला तयार होती, तिला दारातूनच परत पाठवलं. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष फुरुता आत्सुया मालकांना भेटू इच्छितात असं पत्रकारांनी सांगितलं, तेव्हा योमिउरी जायंट्स संघाचे मालक वातानाबे त्सुनेओ यांनी 'नुसते खेळाडू' असा शब्द वापरला. त्या एका शब्दाने सगळा देश खेळाडूंच्या बाजूला गेला. लाखो सह्या गोळा झाल्या. 18 आणि 19 सप्टेंबरला जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातला पहिला संप झाला. मैदानं ओस पडली आणि ज्यांचे सामने बुडाले ते प्रेक्षकच खेळाडूंना पाठिंबा देत होते.

संपामुळे बारा संघ राहिले, दोन लीग राहिल्या, सेंदाईला राकुतेन कंपनीचा नवा संघ आला. नव्याने येणाऱ्यांना लागणारी 600 कोटी येनची प्रवेश फी रद्द होऊन तिच्या जागी परत मिळणारी अनामत आली. हे सगळं चांगलं झालं. पण किन्तेत्सु बफेलोज काही वाचले नाहीत. ज्या माणसाने तीस वर्षं फुजिइदेरात आणि ओसाका डोममध्ये बसून त्या संघासाठी ऊर बडवला, त्याचा संघ गेला तो गेलाच. त्या वेळी प्रेक्षकांच्या संस्थेकडे पाच टक्के शेअर आणि विलीनीकरणाला ना म्हणण्याचा हक्क असता, तर किन्तेत्सुला खरेदीदाराशी किमान बोलणी तरी करावी लागली असती. एका कंपनीचा तोटा ही त्या कंपनीची गोष्ट आहे हे मान्य. संघ नाहीसा होणं ही मात्र शहराची गोष्ट आहे.

इथे आपल्यापैकी कोणीतरी म्हणेल की पैसा आम्ही ओततो, मग बाहेरच्यांनी हक्क का सांगावा? या प्रश्नाचं उत्तर 1954 च्या कर खात्याच्या परिपत्रकात आहे. संघाचा तोटा मूळ कंपनीने भरून दिला, तर ती रक्कम जाहिरात खर्च म्हणून दाखवता येते, असं त्या परिपत्रकाने ठरवून दिलं. म्हणजे आपण ओतलेल्या पैशातला एक भाग करदात्यांनी सोडून दिलेला कर आहे, आणि हे सत्तर वर्षं चालू आहे. मैदानांचंही तसंच. हिरोशिमाचं माझदा स्टेडियम शहराच्या मालकीचं आहे, संघ ते चालवतो. ते बांधायचं ठरत होतं तेव्हा लोकांनी पुन्हा पिंपं ठेवली आणि 10 कोटी येनहून जास्त रक्कम गोळा केली. 2009 मध्ये ते उघडलं. तिथे बसलं की डावीकडच्या मोकळ्या बाजूने सान्यो लाइनच्या गाड्या आणि शिनकान्सेन जाताना दिसतात, आणि गाडीतल्या माणसालाही क्षणभर मैदान दिसतं. शहराने शहरासाठी बांधलेलं मैदान आहे हे, बघताक्षणी कळतं. सेंदाईचं मैदान मियागी प्रीफेक्चरचं. तेव्हा बाहेरचे लोक आत्ताही पैसे घालतच आहेत, त्यांना हिस्सा मात्र दिलेला नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. नागरिकांचा संघ म्हणजे गरीब संघ, असं म्हटलं जातं. कार्पचा 1992 ते 2015 हा काळ त्यासाठी नेहमी दाखवला जातो, चोवीस वर्षं एकही विजेतेपद नाही. 1993 मध्ये फ्री एजंट पद्धत, म्हणजे ठरावीक वर्षांनी खेळाडूला स्वतःचा संघ निवडायची मुभा, आल्यावर एतो आकिरा दुसऱ्या संघात गेले, कानेमोतो तोमोआकी गेले, आराई ताकाहिरो गेले, कुरोदा हिरोकी अमेरिकेला गेले. पैशाच्या शर्यतीत हिरोशिमा टिकू शकत नव्हतं, हे खरं आहे. पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. 2006 मध्ये कुरोदा जाणार अशी हवा होती, तेव्हा प्रेक्षकांनी स्टँडमध्ये भलामोठा फलक उभारून आम्ही तुझ्याबरोबर आहोत असं त्यांना सांगितलं. ते आणखी एक हंगाम थांबले. आणि 2015 मध्ये, अमेरिकेतली कितीतरी पटींनी मोठी रक्कम सोडून, न्यू यॉर्क यांकीजमधून हिरोशिमाला परत आले. आराईही त्याच वर्षी परत आले. 2016, 2017 आणि 2018, सलग तीन वर्षं कार्पने लीग जिंकली. कुठल्याही ताळेबंदात न दिसणारं भांडवल या संघाकडे होतं आणि ते प्रेक्षकांनी घातलेलं होतं.

तरीही पैशाचं काम मोठ्या मालकानेच करावं, या मताचा मी आहे. 1955 ने दाखवून दिलं की नुसत्या वर्गणीवर संघ चालत नाही. योकोहामाचं उदाहरणही माझ्या डोळ्यांपुढे आहे. 2011 च्या शेवटी टीबीएस या टीव्ही कंपनीने संघ डीएनए या इंटरनेट कंपनीला विकला, नव्या मालकाने मैदान भरवलं आणि 2024 मध्ये जपान सिरीज, म्हणजे देशाच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकून दाखवली. विक्री वाईटच असते असं नाही. आम्ही योकोहामा सोडणार नाही, हे वचन नव्या मालकाने करारात लिहून दिलं तर कोणती संस्था त्याला आडवी येईल?

2005 मध्ये मुराकामी फंड या गुंतवणूक संस्थेने हानशिन टायगर्स संघ शेअर बाजारात नोंदवायची सूचना केली होती, ती आपल्या मनात अजून असेल. माझी मागणी त्याच्या जवळ जाणारी नाही. बाजारात गेलेला शेअर आज प्रेक्षकाकडे, उद्या सट्टेवाल्याकडे. मला हवा तो शेअर विकता न येणारा, त्यावर लाभांश न मागणारा. अमेरिकेत ग्रीन बे पॅकर्सचे शेअर असेच आहेत. एक लाखाच्या आसपास लोकवस्तीच्या गावाचा अमेरिकन फुटबॉल संघ 1923 पासून त्याच पद्धतीने गावातच राहिला आहे. आणि इतक्या लांब जायची गरजही नाही. शिकोकूतल्या स्वतंत्र लीगमध्ये एहिमे मँडरिन पायरेट्स हा संघ 2010 पासून प्रीफेक्चर आणि तिथल्या नगरपालिकांच्या भांडवलावर चालतो. छोटा संघ आहे, आपल्या बारांच्या तोडीचा नाही, पण जपानच्या कायद्यात हे बसतं एवढं तर त्याने सिद्ध केलं.

सगळे संघ ज्याला बांधलेले आहेत तो आपला बेसबॉल करारही आड येत नाही. संघ ही जपानी कायद्याखालची, किमान 10 कोटी येन भांडवलाची कंपनी असावी, परदेशी लोकांचा वाटा 49 टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि भागधारक कोण आहेत ते कळवावं, असं त्यात आहे. हजारो छोट्या भागधारकांची यादी सांभाळणं आपल्या कार्यालयाला जड जाईल हे मला समजतं. म्हणून तर एक संस्था, एकच भागधारक, आणि आतले सभासद तिचे तिने सांभाळायचे. सभासद होण्यासाठी पत्ता त्या प्रीफेक्चरमधला असावा, की तोक्योहून कार्पची लाल जर्सी घालून येणाऱ्यांनाही घ्यावं, हे त्या त्या शहराने ठरवावं. मला विचाराल तर त्यांनाही घ्यावं.

स्थलांतराचं कलम कशासाठी, हे साप्पोरोकडे बघून समजेल. निप्पॉन हॅम फायटर्स 2023 मध्ये साप्पोरो डोम सोडून शेजारच्या किताहिरोशिमात स्वतःच्या नव्या मैदानात गेले. त्यात संघाची काहीच चूक नव्हती असं मी म्हणेन. भाडं आणि मैदानातली कमाई यांवरून तिथल्या कारभाऱ्यांनी संघाला वर्षानुवर्षं अडवलं होतं. पण संघ एकीकडे आणि महापालिका दुसरीकडे असं भांडण चाललं, तेव्हा प्रेक्षक कोणाच्याच बाजूला बसलेला नव्हता. तिसरी खुर्ची असती, तर दोघांनाही खडसावणारं कोणीतरी असतं.

एकदम बारा संघांना हा नियम लावणं जमणार नसेल, तर दोन ठिकाणी सुरुवात करता येईल. संघांची संख्या वाढवण्याची चर्चा अधूनमधून निघतेच; 2024 पासून निइगाता आणि शिझुओका इथले दोन संघ दुय्यम लीगमध्ये खेळायलाही लागले. पुढे ज्या शहराला पहिल्या दर्जाचा संघ मिळेल, तिथल्या प्रवेशाच्या अटींतच प्रेक्षक संस्थेचा हिस्सा लिहा. नव्या घरात हे सोपं जातं, कोणाच्या हातचं काढून घ्यावं लागत नाही. दुसरी सुरुवात हिरोशिमात. मात्सुदा कुटुंबाला मी इथे जाहीर विनंती करतो की नवे शेअर काढून पाच टक्के हिस्सा समर्थकांच्या संस्थेला रास्त किमतीला द्यावा, आणि आपल्या सभेने त्याला मंजुरी द्यावी. पैसे कसे जमवायचे हे या शहराला शिकवावं लागणार नाही. या वेळी मात्र प्रत्येक देणाऱ्याला पावती मिळावी आणि वर्षातून एकदा सभेची नोटीस त्याच्या घरी यावी.

हा विषय आपल्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि घेतला की नाही ते जाहीर करावं, ही विनंती. नाही म्हणायचं असेल तरी कारणांसह लेखी म्हणावं. संस्थेचा मसुदा तयार करायला हिरोशिमातली काही मंडळी आणि मी तयार आहोत, आपल्या कार्यालयाने बोलावलं तर तोक्योला येऊन भेटू.

आपला,
हिरोशिमातला एक कार्प समर्थक